घर पॅकबंद, मग गटाराचा वास कुठून येतो?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी नवीन घरात आलो, डबल काचेच्या खिडक्या, दारांना रबराच्या पट्ट्या, बिल खरंच कमी आलंय. पण बाहेरून आलं की कोंदट वास येतो आणि गंमत म्हणजे किचनची चिमणी लावली की पाहुण्यांच्या बाथरूममधून गटाराचा वास सुरू. प्लंबर दोनदा येऊन गेला, लाइन क्लिअर आहे म्हणतो. रूम फ्रेशनर मारून वैतागलो. खिडक्या उघड्याच ठेवायच्या तर एवढा खर्च केला कशाला?

उत्तर: चिमणीचं लिहिलंत ते बरं केलंत, सगळी मेख तिथेच आहे. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी कुठूनतरी आत यावीच लागते, जुन्या घरात ती फटींमधून यायची, तुमच्याकडे फटीच नाहीत म्हणून ती मिळेल तिथून घुसते. पाहुण्यांचं बाथरूम रोज वापरात नसणार. तिथल्या जाळीखाली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून राहतं त्या भागात, साधारण दोन इंच पाणी उभं असतं, गटाराची हवा तेच अडवतं, आणि वापर नसला की काही आठवड्यांत ते उडून जातं. प्लंबर तुंबलंय का बघत होता, इथे आटलंय! दोन-तीन मग पाणी ओता, वर चमचाभर खायचं तेल सोडा, तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही. मग चिमणी लावून जाळीवर टिश्यूची पट्टी धरा. पट्टी वर उडाली तर ट्रॅपच नीट बसलेला नाही, तेव्हा प्लंबरला परत बोलवा. आणि चिमणी चालू असताना किचनची खिडकी दोन बोटं उघडी ठेवत जा.

कोंदट वास बहुतेक ओलीचा. घरात असताना नाक सरावतं म्हणून तो बाहेरून आल्यावरच कळतो. आंघोळीनंतर एक्झॉस्ट लगेच बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. फ्रंट लोड मशीन असेल तर दाराच्या रबराची घडी उलटून बघा, काळा बुळबुळीत थर दिसला तर पुसून काढा आणि ६० डिग्रीवर रिकामं मशीन फिरवा.

फ्रेशनर तर सोडाच, आता तुम्हाला दोन वास येत असतील.

खिडक्यांचं म्हणाल तर दिवसभर फट ठेवणं महागात पडतं, पण एसी किंवा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडल्या तर फार काही जात नाही, कारण हवा बदलते पण भिंती, फरशी, फर्निचर यांचं तापमान तेवढ्यात बदलत नाही. बाहेर पाऊसपाणी, दमट हवा असेल त्या दिवशी मात्र नको.