काकू, मोटर कोणती घेऊ?

प्रश्न : काकू, मी नववीत आहे. माझ्याकडे रिमोटवर चालणारी १:१० आकाराची ऑफ-रोड बग्गी आहे, जोर फक्त मागच्या चाकांना. मोटर साधी ब्रशवाली ५४०, मोठा गिअर ८१ दातांचा, मोटरवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन २७ चा, गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.६. क्लबमध्ये सगळे माझ्या पुढे जातात. साठवलेल्या पैशांत ४५०० केव्हीची ब्रशलेस मोटर, थ्री-एस लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि लाल अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचा पूर्ण सेट घ्यायचा विचार आहे. केव्ही अजून वाढवू का?

उत्तर : बाळा, दात मोजून पाठवलेस म्हणून आधी शाबासकी. निम्मी पत्रं ‘गाडी पळत नाही’ एवढ्यावरच संपतात. आता तुझेच आकडे घेऊ, वही काढ.

केव्ही म्हणजे मोटरवर भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. किलोव्होल्टशी त्याचा काही संबंध नाही. थ्री-एस म्हणजे ३.७ व्होल्टचे तीन सेल, ११.१ व्होल्ट. ४५०० ला ११.१ ने गुण, जवळपास ५०,००० फेरे आले. तुझ्या गिअरचं प्रमाण ८१ भागिले २७ म्हणजे ३, त्याला २.६ ने गुणून ७.८. म्हणजे चाक मिनिटाला ६,४०० वेळा फिरणार. मागचं टायर ८४ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर घेर साडेसव्वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. हिशेब ताशी १०० किलोमीटरवर जातो. तुझी आत्ताची मोटर ७.२ व्होल्टवर मोकळी साधारण १६,००० फेरे घेते, म्हणजे ताशी ३२. मातीत यातलं काहीच पूर्ण मिळत नाही. पण वेग तिप्पट झाला की धडकेचा जोर, म्हणजे गाडीतली ऊर्जा, नऊपट होते. तुझी प्लॅस्टिकची बग्गी त्या नऊपटीसाठी बनलेली नाही.

तेव्हा आधी क्लबमधला गट कोणता ते विचारून ये. बऱ्याच शर्यतींत टू-एस बॅटरी आणि १७.५ किंवा १३.५ वेढ्यांची सेन्सरवाली मोटर, असा नियम असतो. थ्री-एस लावून गेलास तर तुला सुरुवातीच्या रेषेवरही उभं करणार नाहीत. नियम नसेल तरी मी तुला टू-एसवर १३.५ च सांगेन.

हे वेढे काय, ते सांगते. मी बत्तीस वर्षं पंपांच्या मोटरी गुंडाळल्या, त्यामुळे यावर बोलायला मला आवडतं, कंटाळा आला तर परिच्छेद सोड. मोटरच्या आतल्या लोखंडी दातावर (गिअरच्या नव्हे) तांब्याची तार जितक्या वेळा गुंडाळली तितके वेढे. वेढे कमी केले की तेवढ्याच जागेत जाड तार बसते, रोध कमी होतो, मोटर जास्त फिरते आणि करंटही जास्त ओढते. म्हणून १०.५ ची मोटर १७.५ पेक्षा पळणारी आणि जास्त भुकेली. तो अर्धा वेढा कुठून आला, असं मला घरोघरी विचारतात. तार एका टोकाकडून आत शिरते आणि दुसऱ्या टोकाकडून बाहेर पडते, म्हणून अर्धा.

सेन्सरवाली घे, कारण रोटर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे आहे हे ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, थांबलेल्या मोटरमध्येही कळतं. बिनसेन्सरची मोटर अगदी हळू निघताना गचके खाते. नेमकं वळणातून बाहेर पडताना ते नको असतं. ईएससी किती वेढ्यांपर्यंत आणि किती सेलपर्यंत चालतो ते त्याच्या कागदावर वाच. त्यात लिपोसाठी कटऑफ, म्हणजे व्होल्ट फार उतरले की मोटर थांबवायची सोय, आहे का तेही बघ. कुठलाही सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी खराब होते, फुगूही शकते. फुगली तर ती पुन्हा चार्ज करायची नाही.

आता तो लाल सेट. चार वर्षांपूर्वी नातवाच्या गाडीला आम्ही पुढचे खालचे आर्म (चाक धरणाऱ्या भुजा) अ‍ॅल्युमिनियमचे लावले. दिसायला काय दिसत होते! दुसऱ्याच दिवशी गाडी ट्रॅकच्या पाइपवर आपटली. आर्मला काही झालं नाही म्हणून आम्ही दोघं खूश. पण गाडी उजवीकडे ओढायला लागली. दोन आठवडे आम्ही स्टिअरिंगचा ट्रिम फिरवत बसलो, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बदलला, नातवाने मला आणि मी नातवाला बोल लावले. शेवटी आर्म काचेवर ठेवला तेव्हा एक कोपरा नखभर उचललेला दिसला. आणि ज्या प्लॅस्टिकच्या घरात त्याची पिन बसते, तिथे केसासारखी चीर. नायलॉनचा आर्म वाकून परत सरळ झाला असता किंवा मोडला असता, आणि मोडला असता तर दहा मिनिटांत बदलून झाला असता. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि उरलेला धक्का त्याने मागच्या महागड्या भागाकडे ढकलला. त्या दिवसापासून कुठलाही भाग बदलण्याआधी मी विचारते : हा मोडला नाही तर याच्याऐवजी काय मोडेल?

म्हणून आर्म नायलॉनचेच ठेव, दोन जास्तीचे पेटीत टाक. अ‍ॅल्युमिनियम मोटरच्या माउंटला लाव, तिथे ते उष्णता ओढून घेतं. चाकाच्या षट्कोनी हबला लाव, प्लॅस्टिकचा हब आतून गोल होतो. दांडे आणि पिनियन स्टीलचे. सर्व्हो मेटल गिअरचा, पण सर्व्हो सेव्हर (चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारी स्प्रिंग) काढून टाकू नकोस. आणि या सगळ्याच्या आधी, गाडीत दांडे प्लॅस्टिकच्या किंवा पितळी बुशमध्ये (साध्या कड्यांत) फिरत असतील तर सगळीकडे बॉल बेअरिंग घाल. तुझे आहेत ते पैसे इथे सर्वांत जास्त बोलतील.

प्रश्न : आमच्या मुलाची १:२८ ची छोटी गाडी आहे, मोटर १३० आकाराची. जास्त फेऱ्यांची मोटर बसवल्यावर पाच मिनिटांत गाडी मरते, थोड्या वेळाने आपोआप जिवंत होते. मोटर खराब आली का?

उत्तर : मोटर ठीक असावी, दम सर्किटला लागतोय. नवी मोटर जुन्यापेक्षा जास्त करंट ओढते, बोर्डावरचे छोटे एफईटी (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तापतात आणि बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. थंड झाला की सुरू. पिनियन एक-दोन दातांनी लहान करा, टायरमध्ये अडकलेले केस आणि धागे काढा (निघतात, मूठभर निघतात), एवढ्यावर भागलं तर उत्तम. नाहीतर जुनी मोटर परत. नवी ब्रशवाली मोटर पहिल्या दिवशी कमी व्होल्टवर चाकं उचलून काही मिनिटं फिरवायची, म्हणजे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसतो.

प्रश्न : मी १७.५ च्या गटात टूरिंग कार चालवते. मोटर नवी घेतली, तरी लॅपची वेळ तीच. वर महिन्यात तीन स्पर गिअरचे (पिनियनला लागणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात गेले. स्पर स्टीलचा घेऊ?

उत्तर : नको गं. स्पर प्लॅस्टिकचा असतो तो कंजूषपणा म्हणून नाही. काही अडकलं की तिथे दात जावेत आणि डिफ (वळणात दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी), दांडे, मोटरचा शाफ्ट वाचावेत, अशी ती सोय आहे. तीन गेले याचा अर्थ काहीतरी चुकतंय. आधी दोन्ही गिअरवरचे दातांच्या मापाचे आकडे (पिच किंवा मॉड्यूल) वाच. ४८ पिचचा पिनियन ०.६ मॉड्यूलच्या स्परशी जुळल्यासारखा दिसतो, फिरतोही, पण जुळत नाही : ४८ पिच म्हणजे मॉड्यूलमध्ये सुमारे ०.५३.

ते बरोबर असेल तर मेश, म्हणजे दोन्हींचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते, बघ. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून काढायची. पट्टीवर दातांची नागमोडी घडी पडावी, कागद फाटू नये. मग स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघ, कारण एखादा गिअर थोडा वेडावाकडा असतोच. मोटरच्या दोन्ही एम-३ स्क्रूंना थ्रेडलॉक लाव, फक्त धातूत बसणाऱ्या. प्लॅस्टिकवर ते सांडू नकोस, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. माझा संशय याच स्क्रूंवर आहे. मोटर अर्धा मिलिमीटर सरकते आणि दात खाते.

लॅपच्या वेळेचं म्हणशील तर पिनियन काढून चाकं हाताने फिरव. लगेच थांबली तर मोटर कितीही चांगली घे, ती बेअरिंगमधली माती फिरवत बसणार. ती साफ झाली की मग मोटरचं टायमिंग (वेढ्यांना करंट किती आधी मिळतो ते) आणि पिनियन, पण दोन्ही एकदम बदलू नकोस. पाच मिनिटं पळव आणि लगेच मोटरच्या डबीचं तापमान घे. ७० अंशांच्या पुढे गेलं की मी एक दात कमी करते. पत्रात तापमान आणि दोन्ही गिअरचे दात लिही, पिनियन किती ते पुढच्या अंकात सांगते.