पहिला स्टॉल लावताना
सगळा माल एकदम मांडू नकोस. थोड्याच टोपल्या ठेव, त्याही पायऱ्या करून डोळ्यांच्या उंचीपर्यंत; सपाट टेबलावरचं लांबून दिसतच नाही. किमतीची चिठ्ठी प्रत्येकीला हवीच, कारण बरेच जण विचारायला संकोचतात आणि पुढे निघून जातात. पण खरी गर्दी जमते ती हात चालू असलेल्या माणसाभोवती. अर्धवट विणलेली टोपली मांडीवर घेऊन बस. भिजवलेली कामटी, म्हणजे बांबूची पातळ पट्टी, कशी वळते, सुकलेली कशी तडकते, ते दाखव. कडा घासून गुळगुळीत केलेली एखादी कामटी मुलांच्या हातात दे. मेहनत डोळ्यांनी पाहिलेला माणूस फारशी घासाघीस करत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. शेजारच्या कारागिराशी सकाळीच ओळख करून घे, जेवायला जाताना स्टॉल त्याच्यावर सोपवता येतो. आणि सुटे पैसे भरपूर ठेव.