मिनिजॉब घ्यावा की दोन तास जास्त? जर्मनीला निघालेल्या नागपूरच्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांना म्युनिकला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणारं वर्क परमिट) नोकरी लागली, उन्हाळ्याआधी तुम्ही आणि चार वर्षांची मुलगी निघणार. इथे नागपुरात, सदर भागातल्या एका ऑफिसात तुम्ही अकाउंट्स पाहता. तिकडे अर्धवेळ काम कसं मिळेल, आणि किती तासांच्या वर गेलं की सरकारी लाभ बंद होतात, हे तुम्हाला हवंय. मी २०१८ पासून तिकडे आहे, सध्या महिनाभर माहेरी लक्ष्मीनगरला आलेय, म्हणून सविस्तर लिहून राहिले.

आधी एक सांगते. जास्त तास केले तर काहीतरी जाईल, ही भीती मलाही होती. माझं नुकसान झालं ते कमी तासांमुळे.

२०१९ मध्ये मला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये मिनिजॉब लागला, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आतल्या पगाराचं छोटं काम. तेव्हा ती मर्यादा महिना ४५० युरो होती. टॅक्स कापला जात नाही, मिस्टरांच्या आरोग्य विम्यात फुकट राहता येतं, आणखी काय हवं असं वाटलं. शेजारी काकड्या चिरणारी एक तुर्की बाई आठवड्याला जेमतेम दोन तास जास्त करायची, तिचा पगार ५०० च्या थोडा वर. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कँटीन बंद झालं. तिला कुर्त्सआर्बाइटचा भत्ता सुरू झाला, म्हणजे काम बंद असताना बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७. मला काही नाही. मिनिजॉबवाल्यांना तो भत्ता मिळतच नाही, कारण त्यांचा बेकारी विमा भरलेला नसतो. मे महिन्यात माझं कामच गेलं, तेव्हा बेकारी भत्ताही नाही. तेव्हाच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. त्यावर ‘एव्ही’ अशी एक ओळ असते, तीच बेकारी विम्याची. माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर त्या ओळीसमोर ०,०० आहे. तेव्हा मी ती ओळ वाचलीच नव्हती.

आता आजचे आकडे. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि मिनिजॉबची मर्यादा महिना ६०३ युरो. म्हणजे आठवड्याला साधारण १० तास. तुम्ही १२ तास केले तर पगार ७०० च्या वर जातो आणि तुम्ही मिडीजॉबमध्ये येता. मिडीजॉब २,००० युरोपर्यंत असतो, आणि त्यात कर्मचाऱ्याचा विम्याचा हप्ता मुद्दाम कमी ठेवलाय. ७०० युरोला तुमच्याकडून सुमारे ३० युरो जातील, बाकीचा मोठा भार मालकावर. तेवढ्यात स्वतःच्या नावावर आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विमा, तिन्ही येतात. ३० महिन्यांत असे १२ महिने भरले की काम गेल्यावर सहा महिने बेकारी भत्ता मिळू शकतो, २४ महिने भरले तर वर्षभर.

मिनिजॉब वाईटच असतो असं नाही. पगारी सुट्टी आणि आजारपणातला पगार त्यातही कायद्याने मिळतो, मालक काहीही म्हणो. जर्मन शिकेपर्यंत सहा-आठ महिने तो करायला हरकत नाही. फक्त पेन्शनचा आपला ३.६ टक्के वाटा नको असं लिहिलेला कागद पुढे करतात, त्यावर सही करू नका. महिन्याला जास्तीत जास्त २२ युरो वाचतात, आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या ६० महिन्यांत तुमचे महिने कमी धरले जातात.

तुम्ही विचारलेली तासांची खरी मर्यादा दोन ठिकाणी लागते. बेकारी भत्ता चालू असताना छोटं काम करता येतं, पण आठवड्याला १५ तासांच्या आत. १५ तास पूर्ण भरले की अख्खा भत्ता थांबतो. त्या आतल्या कमाईतले १६५ युरो तुमचे, त्यावरचे भत्त्यातून वजा. आणि काम सुरू करण्याआधी आर्बाइट्सआम्टला, म्हणजे रोजगार कार्यालयाला, कळवायचंच. उलट बाजूने, भत्ता हवा असेल तर निदान १५ तास कामाला मोकळं असावं लागतं, म्हणून मुलीला किटात, म्हणजे तिथल्या पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळणं तुमच्या हक्काशीही जोडलेलं आहे. पोहोचल्या पोहोचल्या किटाच्या यादीत तिचं नाव घाला. नोकरी स्वतःहून सोडली तर १२ आठवड्यांपर्यंत भत्ता रोखतात, आणि नोकरी जाणार हे कळल्यावर तीन दिवसांत नोंद केली नाही तर एक आठवडा जातो.

दुसरी जागा एल्टर्नगेल्ड, बाळ झाल्यावर आईवडिलांना मिळणारा भत्ता. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तो भत्ता घेताना आठवड्याला सरासरी ३२ तासांपर्यंत काम चालतं, पण पगार आला की भत्ता त्या हिशोबाने कमी होतो. तो ३०० ते १,८०० युरोच्या मध्ये असतो आणि बाळाआधीच्या १२ महिन्यांच्या निव्वळ कमाईवर ठरतो. इथे टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून टॅक्स कापायचा गट, नीट बघा. नवऱ्याला ३ आणि बायकोला ५ अशी जोडी सगळे सुचवतात, कारण दर महिन्याला घरात जास्त पैसे येतात. पण क्लास ५ मध्ये तुमचा निव्वळ पगार बारीक दिसतो आणि भत्तेही त्यावरूनच बारीक होतात. वर्षाअखेरीस एकूण टॅक्स तेवढाच बसतो. मी तुमच्या जागी असते तर ४-४ घेतलं असतं.

किंडरगेल्ड, मुलीचे महिना २५९ युरो, याचा तुमच्या तासांशी काही संबंध नाही. हे सगळे भत्ते घेतले म्हणून परमिटला धक्का लागत नाही. कमाई पुरत नाही म्हणून मिळणारी सरकारी मदत मात्र परमिट वाढवताना आड येऊ शकते, ती वेगळी गोष्ट.

आता काम शोधणं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कामाची मुभा असते, परमिटवर तसं लिहिलेलं असतं. पत्ता नोंदवला की टॅक्स आयडी पोस्टाने येतो, त्याआधी मालक फारसे दाद देत नाहीत. सुपरमार्केट, बेकरी, शाळेचं जेवणघर इथे लवकर लागतं. खाण्याच्या कामाला आरोग्य खात्याचं छोटं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. पण तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, ते सोडू नका. टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसात माणसं लागतात, बहुतेक ठिकाणी डाटेव्ह नावाचं सॉफ्टवेअर असतं, टॅली येणारी बाई ते शिकते. त्यासाठी बी-१ (मधल्या पातळीचं) जर्मन हवं, आणि ते निघायच्या आधी नागपुरातच जितकं होईल तितकं करा. तिथे पोहोचल्यावर घर, किटा, कागदपत्रं यात पहिले सहा महिने कसे गेले कळत नाही.

सदरचं ऑफिस सोडताना नुसतं ‘इतकी वर्षं काम केलं’ असं पत्र घेऊ नका. जीएसटी रिटर्न, पगार, बँक रिकन्सिलिएशन, काय काय सांभाळलं ते ओळीने लिहून घ्या. तिकडे ते वाचतात.

आणि करारात आठवड्याचे तास आकड्यात लिहिलेले असू द्या. ‘गरजेप्रमाणे बोलावू’ एवढ्यावर सही करू नका.

मी अजून तीन आठवडे इथे आहे. संध्याकाळी पाचनंतर घरीच असते. या एकदा, माझ्या जुन्या आणि आताच्या चिठ्ठ्या समोरासमोर ठेवून दाखवते, कुठली ओळ बघायची ते.