३०३ च्या पुंगळ्या ३१५ साठी वळवता येतील का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) रायफल घरात आहे, परवाना आता वडिलांच्या नावावर, काडतुसं वेळेवर मिळत नाहीत, आणि माळ्यावर ३०३ च्या रिकाम्या पुंगळ्यांची, म्हणजे बार उडाल्यावर उरणाऱ्या पितळी नळकांड्यांची, पिशवी सापडली आहे. परदेशातला मावसभाऊ सांगतो की तिकडे एका बोअरची पुंगळी दाबून दुसऱ्या बोअरची करतात. मग बेळगावच्या उद्यमबागेत डाय (दाबायचा साचा) करून घेतली तर?

करू नका. मी उद्यमबागेत तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, पितळेचं ओढकाम हाताखालून गेलंय, म्हणून कारण नीट सांगतो.

आधी व्हर्निअर लावून बघा. ३०३ च्या पुंगळीचं बूड, कडेच्या जरा वर, साधारण ११.७ मिमी. ३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियाचं जुनं ८×५० मॅनलिखर काडतूस. त्याचं बूड १२.५ च्या आसपास. पाऊण मिलिमीटरचा फरक. मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) आणि खांदा (त्याखालचा उतार) डायने बदलता येतो, पण बुडाकडचं पितळ जाड आणि मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, ते डायमध्ये फुगवता येत नाही. म्हणजे ते फुगणार बार उडताना, चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीपर्यंत. तिथे फाटलं की गरम वायू बोल्टच्या वाटेने मागे येतो, आणि मागे तुमचा डोळा असतो.

तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. जिथे कायद्याने मुभा आहे तिथे ३०-०६ नावाच्या काडतुसाच्या पुंगळीची ८×५७ या दुसऱ्या काडतुसाची करतात, कारण दोन्हींचं बूड जवळपास एकच. लांबी ६३ मिमीवरून ५७ वर आणायची. पण खरी गोम पुढे आहे. नवी मान तयार होते जुन्या खांद्याच्या आणि अंगाच्या पितळेतून, आणि ते मानेपेक्षा जाड असतं. रीमर (भोक आतून कोरायचं हत्यार) मारून ती जाडी काढली नाही तर मान चेंबरमध्ये घट्ट बसते, गोळी सोडायला जागाच उरत नाही आणि दाब भलताच चढतो. डोळ्यांना मात्र पुंगळी झकास दिसते.

दुसरी गोष्ट तावाची. पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते थंड दाबलं की कडक होतं आणि आत ताण धरून बसतं. म्हणून मानेला ताव देऊन ती नरम करतात; बुडाला मात्र आच लागू द्यायची नाही, ते नरम पडलं की संपलं.

हा ताण काय करतो ते मी पाहिलंय. एका कारखान्यात आम्ही पंपाच्या पितळी टोप्या ओढायचो. एका लॉटला घाईत शेवटचा ताव दिला नाही. माल चकचकीत, मापात. पावसाळाभर तो गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये पडून राहिला. गणपतीनंतर पेट्या उघडल्या तर टोप्यांच्या तोंडाशी केसासारख्या उभ्या चिरा, नखाला लागतील अशा. कुणी हात लावला नव्हता. गोमूत्रातून उठणारा अमोनिया आणि दमट हवा, एवढं पुरलं. हाच रोग इंग्रजांच्या फौजेला इथेच, हिंदुस्थानात भोवला होता: पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं चिरायची. त्याचा उलगडा १९२१ च्या सुमारास झाला.

तुमच्या खानापूर भागातला पाऊस मी तुम्हाला काय सांगणार. म्हणून चांगली काडतुसंही गोठ्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांच्या खोलीत ठेवू नका. ओल्या युरियातूनही अमोनिया सुटतो. आजोबांच्या वेळची काडतुसं उरली असतील तर भिंगातून मान बघा. चीर दिसली, हिरवट डाग दिसला, तर ते काडतूस वापरायचं नाही, उघडायचंही नाही.

आणि कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री, दोन्ही ‘दारूगोळा’ या व्याख्येतच येतात. काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना तिथे चालत नाही. शिवाय ३०३ हे लष्करी बोअर. ज्या लेथवाल्याला तुम्ही डाय करायला सांगाल, तोही तुमच्याबरोबर अडकेल. लेकराबाळांचा माणूस असतो हो तो.

तेव्हा त्या पिशवीला आता हात लावू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. आधी वकिलाला दाखवा, मग वडिलांनी स्वतः परवान्याचं पुस्तक घेऊन ठाण्यात जमा करावी आणि नग मोजून लेखी पोच घ्यावी. काडतुसांसाठी परवानाधारक विक्रेत्याकडे आगाऊ मागणी नोंदवा. निवडणुकीत रायफल जमा करावी लागू शकते, त्याच्या आसपास विक्रेत्याकडे जाऊ नका. आधीच जाऊन या.