पहिल्यांदाच अनोळखी देशात जाताना, लांबच्या विमानप्रवासात मनात काय काय येतं?

तुम्ही विचारलंय की जिथं आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशा देशात निघालोय आणि पंधरा तास एका खुर्चीत बसायचंय, तर डोक्यात नेमकं काय चालतं? इतरांचं माहीत नाही. माझ्या डोक्यात मोठं काही आलं नाही. चिल्लर आली, सगळी चिल्लर.

२०१९ चा जून. मी डिस्टिलरी उभारणीच्या धंद्यातला माणूस, गाव वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी. कंपनीनं चार महिन्यांसाठी ब्राझीलला पाठवलं, साओ पावलो राज्यातल्या रिबेइराव प्रेतोच्या बाजूला. आपल्याकडं सांगली-कोल्हापूर तसा तिकडचा हा उसाचा पट्टा. स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून झाल्यावर उरणारं सांडपाणी, आटवायची यंत्रणा चालू करून द्यायची होती, आणि ती कारखाना चालू असतानाच करता येते. आपले कारखाने मार्च-एप्रिलात बंद होतात, तेव्हा तिकडं हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यामुळं आपल्याकडं पेरणीची गडबड चालू असताना मी मुंबईहून दुबईमार्गे निघालो. त्याआधी विमानात बसलो होतो ते फक्त पुणे-दिल्ली, दोनदा.

मुंबई सोडली तेव्हा पहिला विचार आला तो विहिरीवरच्या मोटारीचा. स्टार्टर बंद केला का? मग पोराच्या शाळेची फी. मग बायकोला एटीएमचा नवीन पिन सांगितला का. मग खिशातलं पिवळं पुस्तक. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला नसला, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. हे मला ऑफिसात इतक्या वेळा ऐकवलं होतं की पासपोर्टपेक्षा मी ते पुस्तकच जास्त चाचपत होतो. अजून पोचलोही नव्हतो आणि काळजी परतीची.

दुबईला पहाटे काचेतून सूर्य उगवताना पाहिला. नऊच्या सुमाराला दुसरं विमान सुटलं. अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. आम्ही पश्चिमेकडं पळत होतो म्हणून दिवस काही संपेना. नंतर हिशेब केला तर दुबईत उगवलेला तो सूर्य साओ पावलोत मावळेपर्यंत एकोणीस तास झाले होते. बाहेर लख्ख ऊन, आत खिडक्या बंद करून अंधार, आणि माझ्या पोटाला कळेना की आता जेवायचं की झोपायचं.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. सिनेमे भरपूर होते, पण मी नकाशाच बघत बसलो. तांबडा समुद्र गेला, खार्टूम गेलं. तिथं कुठंतरी ती चिल्लर बाजूला सरली आणि तिच्या खालचं दिसलं.

आमच्याकडं एक शब्द आहे, माती. कुणी गेलं की ‘मातीला जाऊन आलो’ म्हणतात. आमच्या भावकीत माणूस कसाही वागलेला असो, मातीला पोचला तर त्याचं सगळं माफ, आणि नाही पोचला तर वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ७६ वर्षांचे, साखरेचं दुखणं, एकदा हृदयाचा झटका येऊन गेलेला. मी पडद्याकडं बघत हिशेब मांडला. साइटवरून साओ पावलो, सव्वातीनशे किलोमीटर, चार तास. तिकीट मिळून विमान सुटेपर्यंत निदान आठ तास. दुबई पंधरा, तिथं थांबणं चार, मुंबई तीन, गावाकडं सात. एक्केचाळीस. म्हणजे मातीला नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला कदाचित.

हे मी कागदावर लिहिलं नव्हतं, पण आकडा अजून पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर आकडा निघाल्यावर जरा बरं वाटलं. इंजिनिअरच्या डोक्याला भीतीपेक्षा मोजमाप सोसतं. मग मी तोच हिशेब दुबईऐवजी दुसऱ्या मार्गानं करून पाहिला, जणू तास-दोन तास वाचवले तर आण्णा थांबणार होते.

शरीराचंही सांगतो, कारण मनातलं निम्मं शरीरातून येतं. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाई आहे ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसलेले असता, तेही वाऱ्याशिवाय. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाक चोंदतं, आणि जेवणाची चवच लागत नाही. बायकोनं दिलेली शेंगदाण्याची चटणी मी तिथं काढली आणि पहिल्यांदा जिभेला काहीतरी कळलं. पाय सुजले. बूट काढले ते परत चढेनात. असल्या अवस्थेत माणसाला रडू येतं, त्याला घरची आठवण असं नाव देऊ नका. पाणी प्या, चार फेऱ्या मारा, निम्मं दुःख उतरतं.

शेजारी एक बाई होत्या, साठीच्या. लेबनॉनहून परत निघाल्या होत्या. साओ पावलोत लेबनॉनहून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज. सहा-सात तास आम्ही एकमेकांकडं बघून नुसतं हसत होतो, लग्नात अनोळखी पंगतीला बसल्यासारखे. मग दुसरं जेवण आलं. त्यांनी काट्यानं एक फोड उचलली आणि म्हणाल्या, “बताता.”

मी म्हटलं, “बटाटा!”

शाळेत शिकवलं होतं की बटाटा, पाव, चावी, बादली, पगार हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. ते शब्द कुणाच्या तरी तोंडात अजून जिवंत असतील असं कधी वाटलंच नव्हतं. मी बॅगेची चावी काढून दाखवली. त्या म्हणाल्या, “शावी.” पाव दाखवला, त्यांनी नाकात काहीतरी म्हटलं, पण पावच होता. मग मी टिश्यूवर बादली काढली, तर “बाउजी.” हे मात्र ओळखायला वेळ लागला. शेवटी मी घमेलं काढलं. सिमेंटचं, दोन कान असलेलं. त्यांना ते नीट कळेना, मी तोंडानं म्हटलं “घमेलं”, आणि त्या एकदम “गामेला, गामेला” करत हातानं पीठ मळायला लागल्या. त्यांच्याकडं ते लाकडाचं, परातीसारखं. माझ्या धंद्यात आयुष्य घमेल्याभोवती गेलं, आणि त्याचं आजोळ मला अटलांटिकवर कळलं.

अनोळखी देशाची जी धास्ती होती तिच्यातली बरीचशी तिथं गेली. सगळी नाही. भाषा येत नाही म्हणजे आपण तिकडं अडाणी ठरणार, वीस वर्षांचा अनुभव खिशात घेऊन मुक्यासारखं उभं राहणार, ही लाज तशीच होती, आणि पहिले तीन आठवडे ती खरीही ठरली. पण मुक्या माणसाकडं आता पाच-सहा शब्द होते.

विषुववृत्त ओलांडलं ते आफ्रिकेचा किनारा सुटल्यावर, गिनीच्या आखातात, जवळजवळ बरोबर अर्ध्या वाटेवर. मला वाटलं होतं काहीतरी सांगतील. काही नाही. पुढं सहा-सात तास नुसता निळा पडदा आणि त्यावर हलत नाही असं वाटणारं चिमुकलं विमान. त्या पट्ट्यात मी काहीच विचार केला नाही. हेही लिहून ठेवा, कारण असे रिकामे तासच जास्त असतात.

साओ पावलोत उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. इमिग्रेशनच्या माणसानं ते पिवळं पुस्तक बघितलंसुद्धा नाही. बाहेर आलो तर अंधार, आणि अंगाला गार वारा. स्वेटर बॅगेच्या तळाशी. ड्रायव्हर माझ्या नावाचं चुकीचं स्पेलिंग धरून उभा. घरी अडीच वाजले असणार, तरी फोन लावला. पहिल्या रिंगलाच आण्णांनी उचलला.

“पोचलास?”

“पोचलो.”

“पाऊस हाय का तिकडं?”

“न्हाई आण्णा. थंडी हाय हितं. पाऊस संपलाय.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

“मग ऊस तुटत असंल,” म्हणाले. “बघ जा, टनाला काय भाव देत्यात.”