मागं बसून बघ

चि.,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता काल रात्री मोबाइल आडवा-उभा करून पाहिला. डोळे दुखले, पण पाहिला. एका बाजूला मारुतीची हॅचबॅक बलेनो, दुसऱ्या बाजूला मारुतीचीच उंच फ्रॉन्क्स, मधे एवढे रकाने की शेवटी कुठला आकडा कुठल्या गाडीचा तेच कळेना. खाली तुझी ओळ: "काका, दोन महिने झाले, काहीच ठरत नाही." अण्णा म्हणतात हॅचबॅक पुरे. सूनबाई म्हणते उंच गाडी हवी. मेव्हणा म्हणतो पुन्हा महापूर आला तर? आणि शोरूमवाला म्हणतो स्कीम महिनाअखेरपर्यंतच आहे. तो दर महिन्याला तेच म्हणतो, त्याचं सोड.

तुझा तक्ता मी दोनदा वाचला तो एकाच गोष्टीसाठी. टचस्क्रीन आहे, क्रूझ कंट्रोल आहे, चारी बाजूंचा कॅमेरा आहे, काचेवर दिसणारा स्पीड आहे. सगळं पुढच्या उजव्या सीटवर बसणाऱ्याचं. अरे, गाडी घेतोयस कुणासाठी? मागं वहिनी म्हणजे तुझी आई बसणार, अण्णा बसणार आणि मधे तुझी पोर. त्या सीटचा एकही रकाना नाही. दोन महिन्यांत तू एकदा तरी मागं बसलास का?

मागं बसून बघ. पत्राचा मजकूर एवढाच आहे. पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस म्हणून पुढचं लिहितो.

आधी तुझ्या तक्त्याचा गुंता सोडवू. या दोन्ही गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींत 2520 मिमी. 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन तेच. लांबी 3990 आणि 3995 मिमी, म्हणजे दोन्ही चार मीटरच्या आत, त्यामुळं सप्टेंबर 2025 पासून दोघींना जीएसटी सारखाच, 18 टक्के. मायलेजसाठी तू वेगळा पिवळा रंग वापरलायस, तर मॅन्युअलला कंपनीचा आकडा 22.35 आणि 21.79 आहे. अर्ध्या किलोमीटरसाठी पिवळा रंग? आणि डिकी! "क्रॉसओव्हर आहे, सामान जास्त बसेल" असं लिहिलंयस. बलेनोची डिकी 318 लिटरची, फ्रॉन्क्सची 308. उंच गाडीची डिकी छोटी आहे, लेका. दिसण्यावर जाऊ नकोस ते यासाठीच.

मग फरक उरला कुठं? जमिनीपासूनच्या उंचीत. बलेनो 170, फ्रॉन्क्स 190. वीस मिमी म्हणजे एका बोटाची रुंदी. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात हे विसरू नकोस. पाच माणसं, गावाकडून येताना डिकीत तांदळाचं पोतं आणि वर गुळाची ढेप ठेवली की गाडी मागून बसते आणि ते बोट तिथंच खर्ची पडतं. तरी ते बोट फुकट आहे असं मी म्हणत नाही. कोल्हापूरहून तुमच्या गावाच्या वाटेवर कळ्याच्या पुढं जे हातानं घातलेले स्पीडब्रेकर आहेत, त्यांच्यावर भरलेली हॅचबॅक पोटाला घासते. तो आवाज पुढं बसणाऱ्याला नुसता ऐकू येतो, मागं बसणाऱ्याच्या तळपायाला लागतो. तूच सांग, कुठं बसून कळेल?

मेव्हण्याला माझा निरोप सांग. 190 मिमीनं महापूर ओलांडता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा दहा चाकांचे ट्रक जागच्या जागी उभे होते. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. गगनबावड्याचा रस्ता तर पावसाळ्यात पाण्याखाली जातोच. पंचगंगा 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघाली की गाडी कुठली आहे हा प्रश्नच उरत नाही, गाडी उंचावर नेऊन लावायची एवढंच काम उरतं. आणि समजा पाण्यात सापडलीच, तर चावी फिरवायची नाही. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारलास की कनेक्टिंग रॉड वाकतो. इतकी वर्षं मशीनशॉपमध्ये आहे, असले वाकलेले रॉड पाहिलेत. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घे. कुठलीही गाडी घेतलीस तरी घे. पुराचा विषय संपला.

आता मुद्द्याचं. वहिनींचे गुडघे.

गुडघे दुखणारं माणूस गाडीत चढताना आणि उतरताना काय करतं ते नीट बघितलंयस का कधी? आधी दाराला हात धरतात, पाठमोऱ्या होतात, कंबर सीटवर टेकवतात, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतात. उतरताना उलटं. एक हात पुढच्या सीटच्या पाठीवर, दुसरा दाराच्या चौकटीवर, आणि जोर लावून उठायचं. साडीच्या निऱ्या दाराखालच्या पट्टीत अडकतात. मागून कुणी हॉर्न मारला की घाई होते आणि घाईत गुडघ्यावर नको तेवढा भार येतो. सीट कमरेच्या फार खाली असली तर उठताना सगळं वजन गुडघ्यावर. सीट फार वर असली आणि माणूस बुटकं असलं, तर चढताना पाय उचलवत नाही. सीट कमरेच्या बरोबरीला पाहिजे. आता तुझ्या आईची कंबर जमिनीपासून किती उंचीवर आहे हे कुठल्या माहितीपत्रकात छापलंय? म्हणून सांगतो, वहिनींना घेऊन जा. त्यांना मागं बसव, उतरव, पुन्हा बसव. दोन्ही गाड्यांत. आणि "बरं वाटतंय ना" असं विचारू नकोस, त्या हो म्हणतील. आया हो म्हणतात. हात कुठं धरतायत ते बघ.

मी माझी हॅचबॅक घेतली तेव्हा तुझ्या अण्णांनी मला वॅगन आर घे म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, डब्यासारखी दिसते. त्यात चूक काय होती? दिसायचीच. शिवाय मला कामासाठी सारखं पुण्याला जावं लागायचं, हायवेवर उंच गाडी वाऱ्यानं हलते, बुटकी गाडी रस्ता धरून चालते. पेट्रोलचा हिशेब होता, हप्त्याचा हिशेब होता, आणि आईनं स्वतः रंग पसंत केला होता. आई तेव्हा ठणठणीत होती. पुढं ती नरसोबाच्या वाडीला यायची बंद झाली. "तुम्ही जाऊन या, मला घरात काम आहे" म्हणायची. घरात काम असायचंच, ती बसून राहणारी बाई नव्हती. आम्ही तिच्यासाठी पेढे आणि कवठाची बर्फी आणायचो. मी स्वतः माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसलो ते पायाला प्लास्टर होतं तेव्हा, पोरगा चालवत होता. दवाखान्याच्या दारात उतरताना मला दोघांनी ओढून काढलं. आई तोवर गेली होती. गाडी मात्र चांगली होती, अजून आहे, इंजिनला हात लावावा लागलेला नाही. गाडीबद्दल माझी तक्रार नाही.

असो. तुझं चाललं होतं.

फ्रॉन्क्सचं छप्पर मागं उतरतं घेतलंय. बाहेरून छान दिसतं, सूनबाईंना तेच आवडलं असणार. पण ते उतरतं तिथंच अण्णांचं डोकं येणार, आणि अण्णा उंच आहेत. एकूण उंची बलेनोपेक्षा 50 मिमीनं जास्त आहे खरी, पण ती अण्णांच्या टाळूपर्यंत पोचते का? मला माहीत असून उपयोग नाही, अण्णांना टोपी घालून बसवून बघ. पोरीचंही बघ. मागच्या काचेची खालची कड वर चढत गेली की लहान मुलाला बाहेरचं दिसत नाही, आणि आंबा घाटात बाहेरचं दिसत नसलेलं पोर तिसऱ्या वळणाला ओकतं. उंच गाडी वळणावर जरा जास्त कलते, त्याची भर वेगळी. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला कलणं जाणवत नाही. मागं बसून बघ म्हणतो ते उगीच नाही.

सेफ्टीचं तू एकाच शब्दात उरकलंयस, "स्टार". किती स्टार, कुणासाठी? ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडं भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची टक्कर-चाचणी, सुरू झालंय. त्यात मोठ्यांसाठीचे स्टार वेगळे आणि मुलांसाठीचे वेगळे असतात. तू मोठ्यांचे बघणार, कारण पुढं तू बसणार. मुलांचे बघ. पोरीची सीट आयसोफिक्सला, म्हणजे मागच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना, लावायची, म्हणजे ती कडेला जाणार, म्हणजे वहिनी किंवा अण्णा मधे येणार. मधला बेल्ट कसला आहे, मधल्या माणसाला डोक्यामागं उशी आहे का, ते बघ. आणि मागचे बेल्ट लावायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी होती. आपल्या घरांत मागचा बेल्ट सीटच्या फटीत कोंबून वर कव्हर घालतात. तू कव्हर घातलंस तर मी येऊन फाडीन.

पैशाचं थोडक्यात सांगतो, ते तुला माझ्यापेक्षा बरं कळतं. टर्बो इंजिन फक्त फ्रॉन्क्समध्ये मिळतं म्हणून तू वरच्या व्हेरियंटवर बोट ठेवलंयस. ते दहा लाखांच्या वर जातं. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स आहे, त्यावर गेलास की 12, शिवाय 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आधीच घेतो तो आयकर. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. टर्बोची मजा चालवणाऱ्यालाच येते, मागं बसलेल्याला फक्त पाठीला धक्का बसतो. दोन्ही गाड्यांची ऑन-रोड किंमत शोरूमवाल्याकडून लेखी घे, अॅक्सेसरीजचं पॅकेज खोड, विमा बाहेर विचारून बघ. बस.

शनिवारी जा. फोन करून जा, नाहीतर दारात उभी असलेली कुठलीही डेमो गाडी तुझ्यापुढं आणतील. निघायच्या आधी टायरची हवा तपासायला लाव. हवा जास्त असली की कुठलीही गाडी उडते आणि कमी असली की कुठलीही गाडी मऊ वाटते. मग चावी त्या पोराच्या हातात दे आणि तू मागं बस. तो तुला हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर नेऊ बघेल. नको म्हण. रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं घे, पुढं रस्ता जसा आहे तसा. वहिनींना डावीकडं बसव, तू मधे बस. मधेच बस. एकदा या गाडीत, एकदा त्या गाडीत, तोच रस्ता, तीच माणसं. नंतर पुढं बसून चालवायची असेल तर चालव, मी कुठं नको म्हणतोय?

तू म्हणशील काका, शेवटी कुठली घेऊ ते सांगाच. माझं मन हॅचबॅककडं आहे, हे तुला ठाऊक आहे आणि अण्णांनाही. मी तुझ्या जागी असतो तर बलेनो घेऊन उरलेले पैसे हप्त्यातून कमी केले असते. पण वहिनी एका गाडीतून हात न टेकता उठल्या आणि दुसरीतून नाही, तर माझं मन, सूनबाईंची आवड आणि मेव्हण्याचा महापूर सगळं बाजूला ठेव. ती गाडी घे. महाग पडली तरी घे, हप्ता दोन वर्षं लांबव. दोन्हींतून सारख्याच त्रासानं उठल्या, तर दोन्ही घेऊ नकोस. तिसरी बघ, चौकोनी बघ, कशीही दिसो. फोटो काढायला गाडी घेतोयस का?

बुकिंगचे पैसे शनिवारच्या आत भरलेस तर माझ्याकडं सल्ला मागायला येऊ नकोस. नाही, ये. पण आधी वहिनींना घेऊन जा.

सूनबाईंना आणि अण्णांना नमस्कार. पोरीला पापा.

तुझा,
काका

ता. क. रंगाचं विचारलं होतंस ते राहिलं. काळा नको, उन्हात तापतो आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या धुळीत रोज पुसावा लागतो. पांढरा किंवा करडा घे. आणि ऊस सुरू झाला की रात्री गावाकडं जाताना पुढच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा असेलच असं धरून चालू नकोस. त्यासाठी हेडलाइट बघून घे, हा रकाना मात्र पुढच्या सीटचा आहे, तो तू भर.