नाव ठेवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. खडकाच्या कपारीतली पाल आणि कुजक्या ओंडक्यालगत उगवलेली अळंबी, या दोन्ही जाती विज्ञानाला अज्ञात आहेत अशी तुझी खात्री झालेली दिसते. दोघींची नावेही ठरली आहेत आणि त्यांतले एक माझ्यावरून ठेवण्याचा मानस आहे. त्या शेवटच्या गोष्टीबद्दल पुढे लिहीन. ‘ही जाती नवी आहे का?’ असे तू विचारले आहेस. छायाचित्रांवरून मला ते सांगता येणार नाही, म्हणून तुलाच एक प्रश्न विचारतो: या प्राण्याला लागू पडू शकतील अशी किती नावे आजवर छापली गेली आहेत, आणि त्यांतले प्रत्येक नाव कोणत्या कारणाने लागू पडत नाही? एवढे उत्तर लिहून झाले की शोधनिबंधाचा अर्ध्याहून अधिक भाग लिहून झालेला असतो.

एक शब्द आधीच नीट करून घेऊ. वर्तमानपत्रे ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापतात, तर जुन्या मराठी वैज्ञानिक लेखनात प्रजाती हा शब्द वंशासाठी, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीसाठी, वापरलेला आढळतो. मी येथे जाती आणि वंश असेच लिहितो. नामकरणाच्या कामात पायऱ्यांची गफलत परवडत नाही.

प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून धरला जातो, कारण प्राण्यांना दोन शब्दांची नावे देणाऱ्या लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची आहे. तेव्हापासून आजपर्यंत सरीसृपांच्या १२,००० हून अधिक आणि उभयचरांच्या ८,००० हून अधिक जाती मान्य झाल्या आहेत. मान्य न झालेली, म्हणजे आधीच्या एखाद्या नावात विलीन झालेली नावे आणखी वेगळी, आणि ती मेलेली नसतात. एका जातीच्या दोन जाती करायची वेळ आली की अशा झोपलेल्या नावांपैकी एखादे उठून बसते आणि तू ठरवलेल्या नावाच्या आधी त्याचा हक्क लागतो. सायर्टोडॅक्टिलस या पालींच्या एकाच वंशात ३०० हून अधिक जाती आहेत; तेथे नवी जाती सांगायची तर शेजारच्या निदान दहा-बारा जातींशी खवल्यागणिक तुलना मांडावी लागते.

तरुणपणी मी एका सापसुरळीवर दोन वर्षे घालवली. निबंध तयार झाला, आकृत्या काढून झाल्या, आणि मग एका जुन्या नियतकालिकाच्या बांधीव खंडात अर्ध्या पानाचे एक वर्णन सापडले. त्यात ठिकाण इतके मोघम दिले होते की मी ते आधी दोनदा ओलांडून गेलो होतो. मूळ नमुना मागवून पाहिला तेव्हा ती माझीच सापसुरळी निघाली. त्या दिवसापासून मी वर्णन वाचून थांबत नाही, होलोटाइप पाहतो. ज्या एका नमुन्याला नाव कायमचे बांधलेले असते तो होलोटाइप. वर्णन चुकीचे असू शकते, चित्र वाईट असू शकते, परंतु वाद झाला की निकाल त्या बरणीतल्या प्राण्यावर होतो. म्हणून संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्र लिहायला संकोच करू नकोस; नेमके कोणते मोजमाप हवे ते लिहिले तर बहुतेक जण मोजून किंवा छायाचित्र काढून पाठवतात. काही होलोटाइप उरलेलेच नाहीत. मनिलातील संग्रह १९४५ मध्ये युद्धात नष्ट झाला, लिस्बनच्या संग्रहालयातले सरीसृप आणि उभयचर १९७८ च्या आगीत गेले. अशा जातींच्या आसपास काम करायचे तर मूळ ठिकाणी जाऊन नवे नमुने मिळवावे लागतात, आणि कधी त्यांतलाच एक नवा प्ररूप, म्हणजे होलोटाइपच्या जागचा नमुना, म्हणून नेमावा लागतो.

जुन्या कागदांत काय दडलेले असते याचे एक उदाहरण तुला ठाऊक असेलच. जांभळा बेडूक, म्हणजे नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत हे वाचून सगळे चकित झाले. मात्र त्याच्या भैकेराचे, म्हणजे टॅडपोलचे, वर्णन १९१८ मध्येच छापलेले होते. प्रौढ बेडूक जमिनीखाली राहतो आणि वर्षातले मोजके दिवस वर येतो, त्यामुळे त्या भैकेराचे आईबाप कोण हे कळायला पंचाऐंशी वर्षे लागली.

आता पालीकडे वळू. लांबी मुस्कटाच्या टोकापासून अवस्करापर्यंत, म्हणजे शेपटीच्या बुडाशी असलेल्या उत्सर्जनाच्या छिद्रापर्यंत, मोजतात, कारण शेपूट तुटून पुन्हा उगवलेली असू शकते. चौथ्या बोटाखालच्या पट्टिका, ओठांवरचे खवले, नराच्या मांडीवरची छिद्रे, पाठीवरच्या गाठींच्या रांगा, हे सगळे द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक दाबत मोजायचे असते. प्रकाश एका बाजूने तिरपा पडू दे, म्हणजे दोन खवल्यांमधली खाच सावलीने उठून दिसते. समोरून प्रकाश टाकला तर दोन खवले एकच वाटतात. एकदा मोजलेला आकडा वहीत लिहून पान उलट, आणि आठवड्याने तो न पाहता पुन्हा मोज. दोन आकडे जुळले नाहीत तर चूक तुझ्या व्याख्येत आहे, म्हणजे कोठून सुरुवात करायची आणि कोणता खवला शेवटचा धरायचा हे अजून ठरलेले नाही. एका नमुन्यावर कधीही विसंबू नकोस. तुझ्या छायाचित्रातल्या पालीच्या अंगावर पट्टे आहेत, आणि कित्येक पालींच्या पिल्लांवर पट्टे असतात जे वाढत्या वयात ठिपक्यांत मोडतात. मला ती पिल्लूच वाटते.

नमुना टिकवताना क्रम चुकू देऊ नकोस: आधी यकृताचा किंवा स्नायूचा लहानसा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये वेगळा काढायचा, नंतरच शरीर फॉर्मलिनमध्ये, आणि कडक झाल्यावर सत्तर टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मलिन ऊतींतल्या डीएनएची नासाडी करते. एका पावसाळी रात्री दमून भागून मी हा क्रम उलटा केला होता. काही वर्षांनी त्या बेडकाच्या डीएनएची गरज पडली, बाटलीतून काहीही निघाले नाही, आणि ज्या ओढ्याकाठी तो मिळाला होता त्या जागी तोवर खाण सुरू झाली होती. रंगांचे छायाचित्र प्राणी जिवंत असतानाच घे. बरणीत सगळे तपकिरी होतात. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिही आणि ती बरणीच्या आत टाक, बाहेर चिकटवू नकोस.

अळंबीच्या बाबतीत परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. २०१७ मधील एका बहुचर्चित अंदाजानुसार कवकांच्या, म्हणजे अळंब्या आणि बुरशा ज्यांत मोडतात त्या गटाच्या, २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, आणि नावे मात्र दीड लाखाच्या आसपास जातींनाच मिळालेली आहेत. म्हणजे तुझी अळंबी नवी असण्याचा संभव पालीपेक्षा कितीतरी जास्त आहे. २०१४ मध्ये लंडनच्या एका दुकानातून घेतलेल्या वाळवलेल्या चिनी अळंब्यांच्या पाकिटातील तुकड्यांचा डीएनए तपासला गेला, आणि त्यात बोलीटस गटातल्या तीन जाती अशा निघाल्या की त्यांना शास्त्रीय नावच नव्हते. लोक त्या खात होते. परंतु संभव असणे वेगळे आणि दाखवून देणे वेगळे. अळंब्यांची जुनी वर्णने अशी त्रोटक आहेत की ‘छत्री पिवळसर, देठ बारीक’ एवढ्यावर कोणते नाव नाकारायचे हेच कळत नाही.

त्यामुळे अळंबीची टिपणे पालीपेक्षाही जास्त काळजीने करावी लागतात, आणि तीही त्याच दिवशी. तू देठ जमिनीलगत कापलेला दिसतो. तसे करू नये; सुरीने माती सैल करून बुंध्यासकट उचलावी, कारण तळाशी पिशवीसारखे आवरण आहे की नाही यावर कधी कधी सगळा वंश ठरतो. छत्री चिरल्यावर मांसाचा रंग बदलतो का, किती सेकंदांत बदलतो, वास कशासारखा आहे, जवळ कोणते झाड आहे, हे तेथेच उभे राहून लिहायचे. रात्री छत्री कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून ठेव. सकाळी पात्यांखाली बीजाणूंचा ठसा उमटतो. ठशातले बीजाणू पूर्ण पिकलेले असतात, म्हणून मोजमापासाठी तेच घ्यायचे. पात्यांवरून खरवडलेल्यांत कच्चे असतात, सरासरी खाली येते, आणि त्या खोट्या सरासरीवर जाती उभी राहते. निदान तीस बीजाणू कडेने पाहून मोज. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात ते निळसर-काळे होतात का तेही पाहा. मग अळंबी चाळीस अंशांच्या आसपासच्या कोरड्या हवेत वाळव. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली अळंबी संध्याकाळपर्यंत अळ्यांची होते.

डीएनएबद्दल तुझा उत्साह मी समजू शकतो. कवकांसाठी आयटीएस नावाचा भाग २०१२ पासून ओळखपट्टी म्हणून सर्वत्र वापरला जातो आणि त्याने पुष्कळ गुंते सुटले. तरीही ‘अंतर तीन टक्के आले, सबब नवी जाती’ हे वाक्य मी तुझ्या निबंधात राहू देणार नाही. तीन टक्के कोणत्या नमुन्यापासून? सार्वजनिक जनुकसंचयातल्या ज्या डीएनए-क्रमाशी तू तुलना केली आहेस, तो ज्या नमुन्याचा आहे त्याची जाती बरोबर ओळखली होती याची खात्री कोणी केली? बेडकांच्या बाबतीत तर पुष्कळदा आवाज डीएनएच्याही आधी बोलतो. न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या परिसरात राहणारा एक ठिपक्यांचा बेडूक २०१४ मध्ये नवी जाती म्हणून जाहीर झाला. त्याची हाक शेजाऱ्यांपेक्षा वेगळी होती. पापुआ न्यू गिनीतला पेडोफ्राइन अमाउएन्सिस हा बेडूक सरासरी ७.७ मिलिमीटर लांबीचा, त्याची हाक कीटकासारखी. शोधणाऱ्यांनी आवाजाच्या दिशेने पालापाचोळा मुठीने पिशव्यांत भरला आणि पान पान उलगडून तो मिळवला.

नियमांचा भाग थोडक्यात. प्राण्यांसाठी एक संहिता आहे, कवकांसाठी वनस्पती आणि शैवालांबरोबरची दुसरी. प्राण्याचे नाव केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होत असेल तर त्या प्रकाशनाची नोंद आधी झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत हवी. कवकाच्या नावाला २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांक घ्यावाच लागतो. कवकाचे निदान, म्हणजे वेगळेपण सांगणारे वर्णन, लॅटिन किंवा इंग्रजीत असावे लागते, तेव्हा मराठीतले सुंदर वर्णन त्याच्या जोडीला दे. नागाचे शास्त्रीय नाव नाजा नाजा असू शकते, अळंबीला मात्र वंशाचेच नाव जातीला देता येत नाही. संग्रहाची परवानगी नमुना उचलण्याआधीची असली पाहिजे.

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि आपल्या क्षेत्रात पहिले करणाऱ्याने दुसऱ्याची तयारी ठेवावी. सरीसृपांवर आपल्याच खर्चाने काढलेल्या अंकांतून, पुरेशी तुलना न करता, घाऊक नावे छापून टाकणारे लोक आहेत. त्यांचा पसारा आवरण्यात इतरांची वर्षे जातात. नावाची भाषा कोणतीही चालते. जांभळ्या बेडकाच्या नावात संस्कृत नासिका, ग्रीक बेडूक आणि आपला सह्याद्री एकत्र नांदतात. बोर्निओतल्या एका स्पंजासारख्या कवकाला २०११ मध्ये व्यंगचित्रातल्या पात्रावरून स्पाँजिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी असे नाव मिळाले, आणि ते पूर्णपणे नियमात बसते. माझे नाव मात्र वगळ. जिवंत असताना स्वतःच्या नावाची पाल विलीन झालेली पाहण्याची माझी इच्छा नाही. रंगावरून किंवा सवयीवरून ठेवलेले नाव पुढच्या माणसाला उपयोगी पडते.

ठिकाण किती नेमके छापायचे, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो सर्वांत अवघड आहे. गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये वर्णिली गेली, आणि शौकिनांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांनी तोच निबंध नकाशासारखा वापरून मूळ ठिकाणच्या पाली संपवल्या. त्यानंतर तिच्या भाऊबंदांची वर्णने करणाऱ्यांनी नेमका पत्ता छापणे टाळले. नेमके अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदीत ठेव, निबंधात डोंगररांगेचे नाव पुरे.

बुटांबाबतही तशीच काळजी हवी. १९९९ मध्येच बॅट्रॅकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस या कवकाला नाव मिळाले. प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बेडकांच्या त्वचेत ते सापडले, आणि रोगनिदान करणारे आणि कायट्रिड या कवकगटाची जाणकार असे दोघे एकत्र बसले तेव्हाच ते काय आहे हे उलगडले. पुढे २०१९ च्या एका मोजणीत त्या गटातील कवकांच्या रोगाने निदान ५०१ उभयचर जाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्याचे मांडले गेले. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना बूट आणि जाळी घासून, निर्जंतुक करून, वाळवून ने. घाई असली तरी.

वस्तुसंग्रहांतल्या नमुन्यांना हाती लागल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षे लागतात, असे २०१२ च्या एका अभ्यासात आले होते. तुला तेवढी लागणार नाहीत, पण पुढचा पावसाळा तरी जाऊ दे. त्या कपारीत प्रौढ नर आणि मादी मिळतात का पाहा. पुढच्या पत्रासोबत छायाचित्रांऐवजी मोजमापांचा तक्ता आणि चिठ्ठीची नक्कल पाठव. अळंबीचा वास कसा होता ते अजून आठवत असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते लिहून काढ.

तुझा,
एक जुना खवले मोजणारा